वडगावची हार आणि समितीपुढची साक्ष

वडगाव मावळला नवा माणूस गेला की गावकरी त्याला दोन गोष्टी हमखास सांगतात. एक पोटोबा महाराजांच्या देवळाची आणि दुसरी इंग्रजांच्या फजितीची. ही दुसरी गोष्ट शिक्षकबंधूंना तोंडपाठ आहे. राघोबादादांना पुण्यास नेऊन कारभारावर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस निघाली आणि बोरघाट चढून आली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्या लोकांचा ‘इष्टुर फाकडा’, पडला. तळेगाव गाठले तो गाव ओस आणि जळालेला. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून फौज माघारी वळली आणि वडगावात महादजी शिंद्यांच्या वेढ्यात सापडली. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करतो, असे कबूल करून इंग्रजांनी कशीबशी सुटका करून घेतली.

शाळेतला धडा इथे संपतो. मला आज बोलायचे आहे ते त्यापुढचे.

या हारीचा जाब कोणाला विचारायचा? फौजेबरोबर कर्नाक, एजर्टन आणि मॉस्टिन अशा तिघांचे मंडळ कारभार पाहण्यास दिले होते. त्यांतला मॉस्टिन मोहिमेतच आजारी पडून वारला. कंपनीने कर्नाक, एजर्टन आणि कर्नल कॉबर्न या तिघांना नोकरीतून काढून टाकले. झाले! आपल्याकडेही पूल खचला की पहिल्यांदा कनिष्ठ अभियंता घरी जातो, तसाच हा प्रकार.

पण गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. १७८१ साली इंग्लंडच्या कॉमन्स सभेने हेन्री डंडास याच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिला ‘गुप्त समिती’ म्हणत, कारण तिचे कामकाज बंद दाराआड चाले. अहवाल मात्र छापून सभागृहापुढे आले. तिचे मूळ काम मद्रासकडे हैदर अलीशी जुंपलेल्या युद्धाची कारणे शोधण्याचे होते. कागद उलगडत गेले तशी ती मराठ्यांशी झालेल्या युद्धापर्यंत आली, आणि तिच्या एका अहवालाचा विषयच ते युद्ध झाला. फौज का हरली, एवढाच प्रश्न असता तर एजर्टनवर थांबता आले असते. हे युद्ध करायला सांगितले कोणी, कोणत्या अधिकाराने सांगितले, हे प्रश्न घेतले की बोट वर जाते. २८ मे १७८२ रोजी कॉमन्स सभेने ठराव केला की गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी या दोघांना परत बोलवावे.

आता गंमत पहा. दोघांपैकी एकालाही त्या ठरावाने परत जावे लागले नाही. हेस्टिंग्जचे नाव १७७३ च्या कायद्यातच लिहिलेले होते, त्याला काढायचे तर कंपनीच्या संचालकांनी राजाकडे मागणी करायला हवी. संचालक तयार झाले, पण कंपनीच्या भागीदारांनी ते मानले नाही. हेस्टिंग्ज १७८५ पर्यंत इथेच राहिला. म्हणजे समितीने शोधले, लिहिले, सभागृहाने मान्य केले, आणि नेमणुकीची दोरी दुसऱ्याच्याच हातात निघाली. आपल्या आजच्या विधिमंडळ समित्या समजून घ्यायला हे उदाहरण मला फार उपयोगी वाटते.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्यांचा आणि पंचायत समित्यांचा कारभार तपासणारी विधिमंडळाची पंचायती राज समिती असते. तिच्यात दोन्ही सभागृहांतले आमदार असतात, सत्ताधारी आणि विरोधी असे दोन्ही. जिल्हा परिषदेच्या हिशेबांची तपासणी आधी लेखापरीक्षक करतात आणि आक्षेप नोंदवतात. समिती ते आक्षेप हाती घेऊन जिल्ह्यात येते. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना समोर बसवून एकेक आक्षेप विचारते. याला ‘साक्ष’ म्हणतात, आणि शब्द अगदी योग्य आहे. समितीचे सदस्य तालुक्यांतही जातात, शाळा, दवाखाने, रस्ते पाहतात. गटविकास अधिकाऱ्यांनाही उत्तरे द्यावी लागतात. जिल्ह्यात समाधान झाले नाही तर खात्याच्या सचिवांची साक्ष मुंबईस विधानभवनात होते. मग अहवाल सभागृहापुढे येतो आणि त्यावर शासनाने काय केले, हे पुन्हा कळवावे लागते.

हे सगळे शिक्षकांना नुसत्या अक्षरांनी माहीत आहे: पी.आर.सी. येणार! ही तीन अक्षरे कानावर आली की भिंतींना चुना लागतो, कुंड्या येतात, आणि रात्र रात्र दप्तर पुरे होते. माझा एक जुना विद्यार्थी मावळातल्या एका शाळेत शिक्षक आहे. त्याने मला सांगितले, “सर, आम्ही पोषण आहाराची वही दोन रात्रींत लिहून काढली. आलेल्या साहेबांनी पानं नुसती चाळली आणि विचारलं, वर्षभर एकाच पेनानं लिहिलंत का हो?”

मी म्हटले, “मग तू काय सांगितलंस?”

“काय सांगणार? गप्प राहिलो. खरं म्हणजे तीन महिने तांदूळच वेळेवर आला नव्हता. वहीत मात्र रोज आल्याचं लिहिलं होतं.”

अरे, मग तेच सांगायचे होतेस की! तांदूळ उशिरा आला, हे वहीत खरे लिहिलेले असते तर प्रश्न शाळेकडून पुरवठा करणाऱ्याकडे आणि तिथून वरच्या कचेरीकडे गेला असता. खोटी वही शिक्षकाने वरच्या माणसाला वाचवण्यासाठी लिहिली, निदान परिणाम तोच झाला. डंडासच्या समितीपुढे मुंबईची आणि कलकत्त्याची पत्रे होती, म्हणून तिला एजर्टनच्या पलीकडचे दिसले. कागदच धुतलेले असते तर तिलाही तिथेच थांबावे लागले असते. समितीचे डोळे म्हणजे खालून येणारे कागद, आणि ते कागद बऱ्याच वेळा एखाद्या दोनशिक्षकी शाळेत लिहिले जातात. ती वही लिहिणाऱ्याला आपण काही फार मोठे काम करतो आहोत असे वाटत नाही, हीच अडचण आहे.

आता नेमणुकांविषयी. झालेल्या कामाचा जाब विचारण्यापेक्षा माणूस नेमण्यापूर्वीच त्याला चार प्रश्न विचारले तर? अमेरिकेत ही रीत आहे. तिथे राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या न्यायाधीशाला सिनेटची संमती लागते. १९२५ साली हार्लन स्टोन हे सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेले गृहस्थ स्वतः सिनेटच्या समितीपुढे उत्तरे देण्यास बसले, आणि पुढे तो परिपाठच पडला. तिथे त्याचा पुष्कळदा तमाशाही होतो, हे कबूल केले पाहिजे.

आपल्याकडे तशी सुनावणी नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ जागा राज्यपाल भरतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी त्या आहेत. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर याच वाटेने परिषदेत गेले. पण ही नावे मंत्रिमंडळाकडून राज्यपालांकडे जातात. मधे कोणतीही समिती बसत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवलेली बारा नावे तशीच पडून राहिली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, २०२२ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने ती यादी मागे घेतली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांनी शपथ घेतली. या चार वर्षांत त्या बारांपैकी कोण कोणत्या विषयाचा जाणकार होता, हे विचारण्याची अधिकृत जागाच नव्हती.

थोडा वेगळा नमुना माहिती आयुक्तांचा आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याप्रमाणे राज्याच्या माहिती आयुक्तांची नावे मुख्यमंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेते आणि मुख्यमंत्र्यांनी नेमलेला एक मंत्री अशा तिघांची समिती सुचवते. विरोधी पक्षनेता मान्य झालेला नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाच्या नेत्याला ती जागा मिळते. मत तिघांतले एकच असले, तरी विरोधकाला नाव आधी कळते आणि तो आपला विरोध लिहून ठेवू शकतो. तो लिहिलेला विरोध पुढे कोणाला मागवून पाहता येतो, आणि ज्या कायद्याखाली तो मागवायचा, तोही हाच.

माझा तो विद्यार्थी आता तांदळाची तारीख ज्या दिवशी माल येईल त्याच दिवशी लिहितो. परवा वडगावच्या स्टेशनवर भेटला तेव्हा म्हणाला, “सर, मुख्याध्यापक म्हणतात, असं लिहू नकोस, आपल्यालाच नोटीस येईल.” मी त्याला विचारले की नोटीस आली का. “अजून नाही,” तो म्हणाला, आणि लोकल आली तसा चढला.