यंत्राने सोडलेला कोपरा

ऐतिहासिक नाटकाला तलवार लागते, आणि चाळीच्या नाटकाला ती करून देणारा शेजारी लागतो. वरळीच्या बीडीडी चाळींत गणपतीचे दहा दिवस, शिवजयंती किंवा चौदा एप्रिलची मिरवणूक जवळ आली की अशा शेजाऱ्याचा भाव वधारायचा. कुणाला जिरेटोप हवा, कुणाला भीमाची गदा, कुणाला चित्ररथावर लावायला अशोकचक्र. ड्रेसवाल्याकडून भाड्याने आणावे तर पैसे पडतात, आणि आणलेला मुकुट नेमका कपाळावरून घसरून नाकावर येतो. त्यापेक्षा घरचा माणूस बरा. तो डोक्याचे माप घेऊन मुकुट करतो.

या चाळी १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. वरळीत एकंदर १२१ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत माणसांनाच पाय पसरता येत नाहीत, तिथे रावणाची दहा तोंडे कुठे वाळत घालणार? ती मधल्या लांब व्हरांड्यात, जिन्याच्या वळणावर नाहीतर खाली पटांगणात वाळत. जाणारा-येणारा थांबून एखादी सूचना करून जाई. फुकटची असली तरी ती बहुधा कामाची असे.

कारण सूचना करणारा फिटर असे, टर्नर असे, सुतार असे. गिरण्यांत कापड विणले जाई हे सगळ्यांना ठाऊक असते. यंत्रे चालती ठेवण्यासाठी गिरणीत लेथ, भट्टी आणि सुतारकामाचा विभागही असे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गिरणगावाच्या हौशी रंगभूमीला जसे नट मिळाले तसे हे कारागीरही मिळाले. १९५३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी कामगार नटाला रंगमंच दिला. त्याच्या हातातली ढाल कुणी ठोकली, हे मात्र कुठल्या प्रशस्तिपत्रावर लिहिले गेले नाही.

आपल्या चित्रपटाचा पायाही अशाच हातांनी घातला आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर पडदे रंगवीत, मूर्ती घडवीत, नेपथ्य आणि वेशभूषाही आखीत. त्यांनी १९१८ च्या सुमारास दादासाहेब मिस्त्री यांच्या मदतीने चित्रीकरणाचा कॅमेराच तयार केला आणि त्यावर १९२० चा ‘सैरंध्री’ चित्रित झाला. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’बद्दल एक किस्सा सांगतात. चित्रीकरणासाठी वांगणीला गेलेली मंडळी ढाल-तलवारी घेऊन वेशात उभी राहिली आणि गावकऱ्यांना वाटले दरोडेखोर आले! प्रकरण फौजदारापर्यंत गेले. नाटकी हत्याराला याहून मोठी शाबासकी कोणती?

आता त्या कानशी-करवतीच्या जोडीला सीएनसी राउटर आला आहे. या यंत्राचा जन्म मुळात नाटकासाठी झालेला नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार अचूक हवे होते. त्यातून आकड्यांच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्राची कल्पना निघाली, आणि १९५२ साली मॅसेच्युसेट्सच्या एमआयटी संस्थेने तसे यंत्र चालवून दाखवले. आज औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात प्लायवूड किंवा एमडीएफची आठ बाय चारची शीट पाटावर आडवी ठेवतात. संगणकावर काढलेल्या चित्राचे आकड्यांच्या आज्ञांत रूपांतर होते आणि मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेणारे बिट त्या रेषेवरून फिरते. हाताने संध्याकाळभर कापावी लागणारी महिरप चहा संपेपर्यंत तयार. एकीसारख्या दहा ढाली हव्या असतील तर दहावीही पहिलीसारखीच निघते.

महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना निघाली. थर्माकोलची मखरे गेली, आणि प्लाय-एमडीएफच्या कापीव मखरांना मागणी आली. ज्या पोराला संगणकावर आकार काढता येतो आणि बिटाची निवड कळते, त्याला सणासुदीत चार पैसे सुटतात. त्याच्या आजोबांची गिरणी १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर पुन्हा सुरू झाली नसेल, पण आजोबांचा मोजमापाचा डोळा नातवाच्या कामी येतो आहे.

तो का येतो, हे समजायला यंत्राचा एक साधा स्वभाव पाहावा. फिरणारे बिट गोल असते. सहा मिलिमीटरचे बिट आतल्या कोपऱ्यात शिरले की तिथे तीन मिलिमीटर त्रिज्येची गोलाई उरतेच. म्हणजे कितीही महाग यंत्र आणा, आतला काटकोन त्याला साधत नाही. तो शेवटी पटाशीने किंवा कानशीनेच काढावा लागतो. मुठीच्या खाचेत पाते घट्ट बसायचे तर हा कोपरा कुणीतरी हाताने काढलाच पाहिजे.

धातूचे तर याहून अवघड. ॲल्युमिनियमची पट्टी राउटरवर कापता येते, पण बेताच्या गतीने आणि तेलाचा थेंब देत. घाई केली की कीस वितळून बिटालाच चिकटतो. पितळी पत्र्याचा मुकुट मात्र अजूनही हातोडीनेच उठवावा. पात्याची धार मारून कडा गोल करायच्या, टोक बोथट करायचे, मूठ रिव्हेटने पक्की करायची. लढाईच्या प्रवेशात मुठीतून निसटलेले पाते पहिल्या रांगेतल्या मुलाच्या दिशेने जाऊ शकते. संगणकाच्या पडद्यावर मूठ कितीही देखणी दिसो, ती हलवून, आपटून, नटाच्या हातात देऊनच तपासायची असते. शिवाय वजन! तीन अंक जो मुकुट घालायचा तो हलका हवा. सावंतवाडीच्या खेळण्यांना पांगाऱ्याचे लाकूड वापरीत त्याचे एक कारण त्याचा हलकेपणाच. परदेशातही निराळे काही नाही. न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी चिलखते केली ती प्लॅस्टिकच्या नळीच्या चकत्या कापून, एकेक कडी हाताने जोडून.

तेव्हा यंत्र हात खाऊन टाकील ही भीती मला तितकीशी खरी वाटत नाही. धास्ती आहे ती जागेची. एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो, त्यात चिकटवणाऱ्या रसायनाचा अंश असतो, आणि तो थेट छातीत जातो. ज्या खोलीत तान्हे मूल निजते तिथे हे काम करू नये, हे स्पष्टच सांगायला हवे. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि कर्कश आवाज यांचेही तेच. पूर्वी अडचण होती, पण व्हरांडा होता, पटांगण होते, आणि ‘अरे, जरा हळू’ असे ओरडणारी शेजारीण संध्याकाळी नाटक बघायला पुढच्या रांगेत बसणार होती.

आता चाळींच्या जागी मनोरे येत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या टप्प्यातील ५५६ घरांच्या चाव्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फूट, घरात स्वतःचे संडास-बाथरूम, लिफ्ट. ज्या आईने चाळीस वर्षे सामायिक नळावर आणि संडासासमोर रांगा लावल्या तिला हे मिळायलाच हवे होते. जुन्या चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी आधी त्या रांगेत उभे राहून पाहावे.

पण मनोऱ्याच्या लॉबीत गदा घासता येत नाही, आणि विसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून स्प्रे-रंगाचा फवारा उडवला तर खालचा मनुष्य तक्रार करणारच. त्याचे चूक नाही. म्हणून सोसायट्यांनी नव्या इमारतीत व्यायामशाळा आणि सभागृह यांची मागणी करताना तळाशी आणखी एक खोली मागून घ्यावी. तिला हवा खेळती असावी, भुसा ओढणारा पंखा असावा, दणकट बाकाला एक व्हाइस असावा, आणि भिंतीवर चष्मे व मास्क टांगलेले असावेत. राउटर नसला तरी चालेल. कापून आणायला गाळे आहेत. कापून आणलेले जोडायला, घासायला, रंगवायला आणि पोरांना कानस धरायला शिकवायला चार भिंती हव्यात. खर्च फारसा नाही. वेळ मात्र हीच आहे, कारण पुढच्या टप्प्यांच्या इमारती एकदा उभ्या राहिल्या की अशी खोली मागायला जागाच उरणार नाही.