भरतीचे गणित

मालवणनजीक देवबाग येथे कर्ली नदी सागरास मिळते. या खाडीत कयाकने सफर करावयाची असल्यास नियोजनाचा आरंभ पंचांगापासून करावा. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ, हा कोकणातील जुना आडाखा. द्वादशीस बाराची पाऊणपट, म्हणजे नऊ. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पडताळावी. सकाळी ७ वाजता तारकर्लीच्या खाडीकाठावरून चढत्या पाण्याबरोबर नेरूरपारच्या दिशेने निघावे व ९ वाजता माघारी वळावे. ओहोटीच परत आणते. मात्र हीच ओहोटी मुखाशी लाटांना भिडून नाव उलटवते, थकलेल्यास समुद्रात ओढते. म्हणून संगमाच्या बऱ्याच अलीकडे काठ गाठावा. जीवरक्षक जाकीट व स्थानिक नाविकाचा सल्ला अनिवार्य. वाचकहो, बँकेत मुदतवाढ मिळू शकते. ओहोटी ती देत नाही.