शब्दांच्या जोड्या : समानतेविषयीचे पूर्वज्ञान जाणून घेणारी गटकृती



‘भिंत’ स्त्रीलिंगी आणि ‘दगड’ पुल्लिंगी का, याचे कारण समाजात शोधावे लागत नाही. तो व्याकरणाचा भाग आहे. ‘विधवा’, ‘घरजावई’ या शब्दांचे तसे नाही. समाजाने स्त्री-पुरुषांना नेमून दिलेल्या भूमिका त्यांत दडलेल्या असतात. या भूमिकांच्या कल्पनेला ‘लिंगभाव’ म्हणतात. हा विषय शिकवण्यापूर्वी विद्यार्थ्यांची समज कोठपर्यंत आली आहे, हे पाहावे लागते.

ही समज थेट प्रश्नाने कळत नाही. ‘स्त्री-पुरुष समान आहेत का?’ असे विचारल्यास बहुतेक जण ‘होय’ म्हणतात. ते उत्तर खोटे असते असे नाही. ते तपासलेले नसते. पुढील कृतीत ते तपासले जाते.

कृती : चार-पाच जणांचे गट करावेत. प्रत्येक गटास ‘विधवा’, ‘सौभाग्यवती’, ‘माहेर’, ‘घरजावई’, ‘सवत’ हे शब्द द्यावेत. प्रत्येक शब्दासाठी दुसऱ्या बाजूचा, तितकाच रूढ शब्द शोधावा. प्रथम प्रत्येकाने पाच मिनिटे एकट्याने लिहावे, नंतर चर्चा करावी. हा क्रम बदलल्यास गटातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे मत सर्वांचे ठरते.

‘विधवा’ला ‘विधुर’ ही जोडी लगेच सापडते. परंतु विधुराला मंगलकार्यापासून दूर ठेवण्याची रूढी नाही. या दुहेरी न्यायाला ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ या निबंधातून आव्हान दिले. तरीही कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला. ‘घरजावई’चे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. पत्नीच्या घरी राहणाऱ्या पुरुषाला वेगळा, काहीसा उपहासाचा शब्द आहे. पतीच्या घरी राहणाऱ्या स्त्रीसाठी तसा शब्द नाही, कारण तिने तेथे राहणे गृहीतच धरले आहे.

उत्तरांवरून समजेचे तीन स्तर ओळखता येतात :
१. जोडी नसल्याचे लक्षातच येत नाही.
२. ते लक्षात येते, पण स्वाभाविक वाटते.
३. ‘असे का?’ हा प्रश्न पडतो.

या वेळी कोणाचीही चूक दुरुस्त करू नये. दिलेली कारणे त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावीत. गटात एखादी भगिनी स्वतः वैधव्याचे दुःख सोसत असेल, याचेही भान ठेवावे. स्वानुभव सांगण्याचा आग्रह कोणालाही करू नये. मौन म्हणजे अज्ञान नव्हे.

स्वयं-अध्ययन : ‘सौभाग्यवती’ला पुरुषवाचक जोडी रूढ का नाही, याचे उत्तर आजच चार ओळींत लिहा. घटक पूर्ण झाल्यावर ते पुन्हा वाचा. त्यात काय बदलावेसे वाटते, यावरून आपला अभ्यास किती पुढे गेला, हे आपल्याला स्वतःलाच कळेल.