दोघंही येशूचंच नाव घेतात, मग मॉर्मन माणसाचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च का मानत नाही?

बोईसर स्टेशनच्या बाहेर दहा मिनिटं उभं राहिलं की अर्धा भारत भेटतो. तारापूर एमआयडीसीचे कारखाने आणि १९६९ मध्ये सुरू झालेलं अणुऊर्जा केंद्र, या दोन गोष्टींमुळे कुठून कुठून लोक इथे कामाला आले आणि इथलेच झाले.

आता समजा, पालघरमधल्या एका कॅथलिक मुलीचं कंपनीतल्या हैदराबादच्या मुलाशी जुळलं. मुलगा सांगतो, ‘मी पण ख्रिश्चनच आहे.’ घरचे निश्चिंत होतात. मग लग्नाचं बोलायला सगळे फादरकडे जातात, तिथे मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला निघतो आणि कळतं की मुलगा मॉर्मन आहे.

फादर सांगतात, या लग्नासाठी बिशपांकडून खास सूट घ्यावी लागेल. हिंदू किंवा मुस्लिम मुलगा असता तर जी लागली असती, तीच.

घरच्यांना वाटणार, हे काय भलतंच? येशू तोच, बायबल तेच, बाप्तिस्मा पण झालाय. मग अडलं कुठे?

अडलं आहे ते ‘देव’ या शब्दापाशी.

आधी बघू, मॉर्मन म्हणजे कोण?

अमेरिकेत १८०५ मध्ये जोसेफ स्मिथ नावाचा माणूस जन्मला. चौदा-पंधरा वर्षांचा असताना, म्हणजे १८२० च्या सुमारास, आपल्याला देव आणि येशू अशा दोन वेगवेगळ्या व्यक्तींचं दर्शन झालं, असं त्याने पुढे सांगितलं. १८३० मध्ये त्याने ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ छापला आणि त्याच वर्षी आपलं चर्च स्थापन केलं. या चर्चचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. ‘मॉर्मन’ हे लोकांनी पाडलेलं नाव. ते वापरू नका, असं २०१८ पासून चर्चच सांगतंय, पण लोकांच्या तोंडी तेच बसलंय.

ही मंडळी महाराष्ट्रात आत्ता आली असंही नाही. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक १८५२ मध्येच मुंबईत उतरला होता आणि पुढे पुण्यातही पोचला होता. पण ते काम काही वर्षांतच थंडावलं. आज भारतात त्यांची जास्त वस्ती दक्षिणेकडे आहे. हैदराबाद हे त्यांचं मोठं केंद्र आहे आणि बेंगळुरूत देशातलं पहिलं मॉर्मन मंदिर उभारण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली.

देव एक की तीन?

पालघर जिल्ह्यातल्या कॅथलिक समाजाची मुळं पोर्तुगीज काळात आहेत. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. पण हा समाज देवाबद्दल जे मानतो, ते त्याहूनही खूप जुनं आहे. सन ३२५ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या नायसिया इथे बिशपांची परिषद भरली. पुत्र म्हणजे येशू हा पित्याने निर्माण केलेला नाही, दोघांचं तत्त्व एकच आहे, असं तिथे ठरलं. सन ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्याचं स्थानही स्पष्ट केलं.

यालाच त्रैक्य म्हणतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण देव एकच.

आपल्याला इथे पटकन तीन शिरांची दत्ताची मूर्ती आठवते. पण ही तुलना अर्धवटच बसते. त्रैक्यात देवाचे तीन भाग नाहीत. तिघांपैकी प्रत्येक जण पूर्ण देव आहे, तरी देव तीन नाहीत. डोक्याला ताप देणारी गोष्ट आहे खरी, आणि चर्च स्वतःच तिला रहस्य म्हणतं. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक सगळे प्रोटेस्टंट एकमेकांशी कितीही भांडले, तरी इथे त्यांचं एकमत आहे.

मॉर्मन मात्र हे मानत नाहीत. त्यांच्या मते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन स्वतंत्र जण आहेत. ते एक आहेत ते हेतूने आणि विचाराने. एका घरातली तीन माणसं एकदिलाने वागतात, तसे. त्यांचा युक्तिवाद असा : बायबलमध्ये येशूचा बाप्तिस्मा होतो तेव्हा पित्याची वाणी आकाशातून येते, म्हणजे दोघे वेगळेच झाले ना? नायसियात जे ठरलं ते नंतरच्या लोकांनी ग्रीक तत्त्वज्ञानाच्या नादात ठरवलं, असं ते म्हणतात. यावर बाकीचे ख्रिस्ती विचारतात, तिघे वेगवेगळे देव असतील, तर मग देव एकच आहे हे कसं म्हणणार?

देवाला शरीर असतं का?

पारंपरिक ख्रिस्ती उत्तर : नाही. देव आत्मा आहे. फक्त पुत्र माणूस होऊन जन्माला आला, म्हणून येशूला शरीर आहे.

मॉर्मन उत्तर : आहे. पित्यालाही माणसासारखं हाडामांसाचं शरीर आहे, फक्त ते अमर आणि परिपूर्ण आहे. पवित्र आत्म्याला तेवढं शरीर नाही. स्वर्गात पित्यासोबत माताही आहे असं ते मानतात, पण तिची प्रार्थना करत नाहीत.

माणूस देवाचा कोण लागतो?

खरा मोठा फरक इथे आहे.

पारंपरिक श्रद्धेत देव आणि माणूस यांचं नातं कुंभार आणि मडक्यासारखं आहे. देवाने सगळं शून्यातून घडवलं. तो कायम देवच होता. त्याच्या कृपेने माणूस त्याचं लेकरू होतो, पण दत्तक. मडकं कितीही सुंदर झालं तरी ते कुंभार होत नाही.

मॉर्मन श्रद्धेत हे नातं सख्ख्या लेकराचं आहे. माणसाचा आत्मा जन्माच्या आधीच देवाजवळ होता आणि तो देवाच्याच जातकुळीचा आहे. विश्वातलं द्रव्य अनादी आहे, देवाने त्याला आकार दिला. आणि लेकरू मोठं होऊन बापासारखं होतं, तसा माणूसही पुढे देवासारखा होऊ शकतो. मृत्यूच्या काही आठवडे आधी, एप्रिल १८४४ मध्ये केलेल्या भाषणात स्मिथने त्याही पुढे जाऊन सांगितलं की देवही कधीकाळी माणूस होता. आजचं मॉर्मन नेतृत्व या वाक्यावर फारसं बोलत नाही. पण माणूस देवासारखा होऊ शकतो, ही शिकवण कायम आहे.

मग २००१ मध्ये काय झालं?

बाप्तिस्म्याच्या बाबतीत कॅथलिक चर्च तसं बरंच उदार आहे. बहुतेक प्रोटेस्टंट चर्चचा बाप्तिस्मा ते मान्य करतं. अगदी मरणाच्या दारात असलेल्या बाळाला एखाद्या हिंदू नर्सने, चर्चला अभिप्रेत आहे तेच करायच्या हेतूने, पाणी घालून ठरलेले शब्द म्हटले, तरी तो बाप्तिस्मा धरला जातो.

मॉर्मनही पाणी वापरतात. तेही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचंच नाव घेतात. तरीही ५ जून २००१ रोजी व्हॅटिकनने निकाल दिला की हा बाप्तिस्मा वैध नाही. त्यावर सही होती कार्डिनल जोसेफ रात्झिंगर यांची, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. कारण एवढंच की शब्द तेच असले, तरी त्या शब्दांमागचा देव तोच नाही.

म्हणजे हिंदू नर्सचा बाप्तिस्मा चालतो आणि येशूला मानणाऱ्या मॉर्मनचा चालत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यांचा तर्क असा आहे की नर्स चर्चचाच विधी करते, तर मॉर्मन आपला स्वतंत्र विधी करतात. मॉर्मनही काही कमी नाहीत. कॅथलिक माणूस त्यांच्याकडे गेला, तर तेही त्याचा पुन्हा बाप्तिस्मा करतात.

शेवटी, मॉर्मन ख्रिस्ती आहेत की नाहीत?

ख्रिस्ताला तारणारा मानतो तो ख्रिस्ती, अशी व्याख्या केली तर आहेत, आणि ते स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात. त्रैक्य मानतो तो ख्रिस्ती, अशी केली तर नाहीत. यातून कुणाची भक्ती खरी आणि कुणाची खोटी हे ठरत नाही.

आणि त्या लग्नाचं काय? ते होऊ शकतं. पालघर, बोईसरचा भाग १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात येतो, तेव्हा सुटीचा अर्ज तिथल्या बिशपांकडे जातो. कायद्याने नोंदणी करायची तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, तिथे धर्म आडवा येत नाही. फक्त ‘आम्ही दोघं ख्रिश्चनच आहोत’ एवढ्यावर हॉल बुक करू नका. आधी दाखला घेऊन फादरना भेटा.