परळची खोली, घाटावरचे घर

परळ, लालबाग, करी रोड हा भाग आज मुंबईच्या मध्यावर समजला जातो. एकेकाळी तो शहराबाहेर होता. मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान परळला होते. १८९९ पासून त्याच वास्तूत आजची हाफकिन संस्था आहे. १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत या मोकळ्या उपनगराचे गिरणगाव झाले. सातवाहनकाळी कल्याण बंदराचा माल नाणेघाट चढून जुन्नरला जात असे. या काळात माणसे त्याच दिशेने उलटी खाली उतरू लागली. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील तरुण गिरणीत, गोदीत, हमालीत, भाजीबाजारात आणि डब्याच्या धंद्यात शिरले.

शहराच्या मध्यवस्तीत राहण्याचे फायदे-तोटे मोजताना जागा, भाडे आणि प्रवास असे तीन रकाने मांडले जातात. या तालुक्यांतील माणसांचा हिशेब त्यात बसत नाही. चाळीतली खोली अनेकदा एका कुटुंबाची नसून भावकीची किंवा गावाची होती. पाळीनुसार एक जण झोपायला येई तेव्हा दुसरा कामावर निघालेला असे. प्रत्येकाची स्वतःची अशी मालमत्ता म्हणजे एक ट्रंक. जेवण खाणावळीत, तेही महिनाभर उधारीवर. खाणावळ चालवणाऱ्या या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

या राहण्याचा पहिला फायदा उघड होता: भोंगा ऐकून चालत कामावर जाता येई. त्याची किंमत डबेवाल्यांच्या व्यवसायावरून कळते. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेल्या या धंद्यात खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर भागांतील माणसे प्रामुख्याने आहेत. घर आणि कचेरी यांतले अंतर वाढले म्हणून डबा पोहोचवणारा लागला. म्हणजे एकाच तालुक्यातला एक जण कामाजवळ राहून पैसे वाचवत होता, तर दुसरा इतरांच्या लांब राहण्यावर पोट भरत होता.

दुसरा फायदा भाड्याच्या पावतीत दिसत नाही. परळच्या परिसरात के. ई. एम. (१९२६) आणि टाटा (१९४१) ही मोठी रुग्णालये आहेत. गावाकडचे दुखणे तालुक्याच्या दवाखान्यात आवरेनासे झाले की पेशंट मुंबईला आणला जाई आणि सोबतचा माणूस चाळीतल्या नातेवाइकाकडे उतरे. दहा बाय सोळाची खोली अशा वेळी धर्मशाळा होई.

तोटेही तितकेच खरे आहेत. सामाईक संडास, ठरावीक वेळेचे पाणी आणि गिरणीतल्या कापसाच्या तंतूंनी जाणारी छाती हे रोजचे होते. सर्वांत मोठा तोटा गावात भोगला जात होता. खोलीत संसाराला जागा नसल्याने बायको, मुले आणि म्हातारी माणसे घाटावरच राहत. शेती, गुरे आणि आजारपण बाईने एकटीने ओढायचे आणि मनिऑर्डरची वाट पाहायची. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठले. त्यामुळे भाडेकरू टिकला, पण मालकाने दुरुस्ती सोडली आणि चाळी खचू लागल्या. शिवाय काम आणि घर एकाच ठिकाणी असल्याने संकटही एकदमच आले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. पगार थांबला तशी खाणावळ आणि वाण्याची उधारीही बुडाली.

त्यानंतर अनेकांनी खोली विकून कल्याण-डोंबिवली गाठली. इथे एक उलटी गंमत झाली. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट, ओतूर असा रस्ता सरळ जातो. कामापासून दूर गेलेला माणूस गावाच्या मात्र जवळ आला. जत्रेला, पेरणीला जाणे सोपे झाले. लोकलमधले तास तेवढे वाढले.

जे मागे राहिले त्यांच्यापुढे आता पुनर्विकास आहे. बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते. स्वतःचा संडास आणि दाराआडचा निवांतपणा यांची थट्टा कुणी करू नये, विशेषतः ज्यांनी पहाटे रांगा लावल्या नाहीत त्यांनी. पण लिफ्ट, पंप, रखवालदार यांचा दरमहाचा खर्च पेन्शनीवर जगणाऱ्याला झेपला नाही, तर घर मिळूनही ते विकून त्याला बाहेर पडावे लागेल. तसे झाले, तर परळमध्ये रुग्णालये राहतील. ओतूर किंवा घोडेगावहून पेशंट घेऊन येणाऱ्याला उतरायला ओळखीचे दार मात्र उरणार नाही. म्हणून मध्यवस्तीतल्या घराचा हिशेब करताना चौरस फुटांबरोबर देखभालीचा खर्चही मांडायला हवा, आणि त्या घराच्या आधाराने उभे असलेले घाटावरचे घरही.