मोफत आणि मुक्त : महाविद्यालयीन अध्यापनाची नवी साधने
(नभोवाणीवरील भाषण)

इंदूरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर गौतमपुरा नावाचे गाव आहे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव या गावाने आजवर जपले आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तेथे हिंगोट-युद्ध होते. हिंगोटाचे कठीण फळ पोखरून त्यात दारू ठासतात, त्याला बांबूची काडी बांधतात, आणि गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ व शेजारच्या रुणजीचा ‘कलगी’ हे दोन पक्ष ती पेटती फळे एकमेकांवर फेकतात. माणसे भाजतात, जखमी होतात. तरीही प्रथा टिकून आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या साधनांविषयी बोलावयाचे असता हे हिंगोट मध्येच कोठून आले, असे आपण विचाराल. या गावचा एखादा मुलगा पदवीच्या पहिल्या वर्षाला बसला आहे, असे समजा. प्राध्यापक प्रक्षेपित वस्तूची गती शिकवीत आहेत. पुस्तकातील उदाहरण कड्यावरून फेकलेल्या चेंडूचे आहे. मुलगा विचारतो, “सर, आमचे हिंगोटही याच वाटेने जाते काय?” प्रश्न मोठा मार्मिक आहे. हातातून सुटलेल्या चेंडूला पुढे रेटणारे काही उरत नाही. हिंगोट मात्र दारू जळेपर्यंत स्वतःच पुढे रेटले जाते आणि जळता जळता हलके होते. दारू संपल्यावरच ते चेंडूसारखे वागू लागते. दूरच्या शहरात तयार झालेल्या धड्यात हा प्रश्न येणार कसा? तो धड्यात घालण्याची सोय शिक्षकाला आहे की नाही, याच कसोटीवर नव्या साधनांची पारख केली पाहिजे.

दूर बसून शिकविण्याची कल्पना काही आजची नव्हे. इंदूरचे आकाशवाणी केंद्र १९५५ साली सुरू झाले आणि विद्वानांचा आवाज माळव्याच्या खेड्यांत पोहोचला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरचित्रवाणीवर देशव्यापी वर्ग भरविला. पुढे इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयातही शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारे माध्यम-केंद्र उभे राहिले. २००३ साली आय.आय.टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम हाती घेऊन आपली व्याख्याने इंटरनेटवर खुली करण्यास आरंभ केला, आणि जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. त्यावरील प्रत्येक पाठाला चार अंगे असतात : चित्रफीत, वाचनाचे साहित्य, स्वतःची परीक्षा घेण्याचे प्रश्न आणि शंकासमाधानाची जागा. हे सारे घरबसल्या, विनामूल्य पाहावयास मिळते. हा लाभ लहान नव्हे.

तथापि मोफत आणि मुक्त या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. दुसऱ्याच्या विहिरीवर तहान भागविण्याची मुभा असणे वेगळे, आणि त्या विहिरीचे पाणी पाट काढून आपल्या मळ्यात नेण्याचा हक्क असणे वेगळे. इंटरनेटवर जे फुकट दिसते ते बहुधा पहिल्या प्रकारचे असते : पाहा, वाचा, पण हात लावू नका. दुसऱ्या प्रकारच्या साहित्याला ‘मुक्त शैक्षणिक साधने’ असे नाव युनेस्कोच्या २००२ सालच्या एका बैठकीत मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ हे परवाने प्रसिद्ध झाले. लेखक आपला हक्क न सोडता त्या परवान्यान्वये आधीच सांगून ठेवतो, की माझे नाव देऊन हे साहित्य वापरा, वाटा, आणि अट आड येत नसेल तर बदलाही. कोणी व्यापारी उपयोगाला मनाई करतो, कोणी फेरफाराला. म्हणून प्राध्यापकाने प्रथम परवान्याची ओळ वाचावी. तेथे फेरफाराची मनाई असेल, तर आपल्या हिंगोटाला त्या धड्यात जागा नाही.

एनपीटीईएलची व्याख्याने अशा मुक्त परवान्याखाली आहेत. आय.आय.टी. मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे संगणकविद्येचे छोटे पाठही तसेच. त्यांतील ध्वनी मराठी, हिंदी व इतर भारतीय भाषांत भरला जातो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली निघालेल्या ‘फेट’ प्रकल्पाच्या चलत्-प्रतिकृतींत कोन व वेग बदलून प्रक्षेपित वस्तूची वाट प्रत्यक्ष पाहता येते. त्या उतरवून घेतल्यास इंटरनेटवाचूनही चालतात. ज्या घरी एकच मोबाइल चौघांत फिरतो, तेथील मुलासाठी महाविद्यालयाच्या संगणकावर उतरवून ठेवलेला पाठ हाच खरा पाठ होय.

मग प्राध्यापकाचे काय, असा प्रश्न उरतो, आणि तो पोकळ नाही. एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् वरून पूर्ण करू देण्याची मुभा अनुदान आयोगाने २०२१ साली महाविद्यालयांना दिली. उत्तम वक्त्याची चित्रफीत सर्वत्र पोहोचत असता लहान गावच्या महाविद्यालयाने केवळ हजेरी घ्यावयाची काय? चित्रफीत लावून बाजूला बसणारा शिक्षक खचित अनावश्यक ठरेल. परंतु घरी माळवी, वर्गात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांतून वाट काढणाऱ्या मुलाचा चेहरा चित्रफितीला दिसत नाही. तो ज्याला दिसतो, त्यानेच धडा त्याच्या भाषेत आणावा, त्यात त्याच्या गावचे उदाहरण घालावे, आणि सुधारलेला धडा पुन्हा सर्वांसाठी खुला ठेवावा. हे काम वेळखाऊ आहे. ते तासांच्या हिशेबात धरले जात नाही, ही प्राध्यापकांची तक्रार रास्त आहे, आणि संस्थाचालकांनी तिची दखल घ्यावयास हवी.

दारूने भरलेले फळ दरवर्षी अंगे भाजते. तेच फळ वर्गात फळ्यावर आले, तर न्यूटनचे नियम शिकविते. ते फळ्यावर आणण्याचा अधिकार शिक्षकाच्या हाती असणे, हेच मुक्त साधनांचे खरे मोल होय.