चौथा आकडा

अंबरनाथ पूर्वेतल्या आमच्या शेजारच्या वहिनी एका संध्याकाळी मोठे पाकीट घेऊन आल्या. "भावजी, इंग्रजी आहे, तेवढं वाचून सांगा." आत मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीची चित्रे, आणि अहवालाच्या शेवटी ‘बायरॅड्स ४’. वहिनींनी धसकाच घेतला. "म्हणजे चौथी स्टेज!"

तसे मुळीच नाही, श्रोतेहो. रोग किती पसरला, ते हा आकडा सांगत नाही. चित्र पाहून डॉक्टरांना शंका किती आली, एवढेच तो सांगतो. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी चित्रे हवीत. एक-दोन असेल तर काळजी नको. तीन असेल तर शंभरांत फार तर दोघींना कर्करोग निघायचा; बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढतात. चार हा मात्र भलताच ऐसपैस आकडा. शंभरांत २ पासून ९५ पर्यंत! म्हणून त्याचे ए, बी, सी असे पोटभाग केलेले असतात. ते अक्षर अवश्य पाहावे. पाच म्हणजे शंका फारच दाट.

शंका येते कशावरून? वाटोळी, गुळगुळीत कडांची गाठ बहुधा साधी असते. कडांना काट्यांसारखे फाटे फुटले की डॉक्टर सावध होतात. चुन्याचे ठसठशीत, विखुरलेले कण बहुधा निरुपद्रवी. पण बारीक, वेडेवाकडे कण एकाच जागी झुबक्याने दिसले, तर तपास करावा लागतो. जुने चित्र शेजारी ठेवता आले तर फार सोपे जाते, तेव्हा जुनी पाकिटे रद्दीत घालू नका. शिवाय दाट स्तन चित्रात पांढरा दिसतो, आणि गाठही पांढरीच! तिथे सोनोग्राफी मदतीला येते.

म्हणूनच, चित्र स्वच्छ असले तरी हाताला लागणारी गाठ डॉक्टरांना दाखवायचीच. हाताचे महत्त्व थोडे नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या एका गटाची तपासणी प्रशिक्षित सेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने करीत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासलेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

चौथ्या आकड्याचा निकाल मात्र चित्रावर लागत नाही, हातानेही नाही. सुईने काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, तीच बायॉप्सी. "मी काही डॉक्टर नव्हे, वहिनी, पण त्याला उशीर करू नका," एवढे मी म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने त्या आणि त्यांचे यजमान परळला गेले. पाकीट बरोबर होते.